मॅनेजरच्या वाटणीचं नवं

माझे वडील दाभोशाच्या धबधब्याच्या अंगाला एका पाड्यावर मास्तर होते. संस्थानचे दिवस होते ते. आम्ही मूळचे जव्हार गावातले. वडिलांची नेमणूक रानातल्या शाळेवर झाली तेव्हा नातेवाईक आईला असे भेटायला आले की जणू घरात कोणी गेलंच होतं. शाळा म्हणजे कारवीचा कूड, वर गवताचं छप्पर आणि शेणानं सारवलेली जमीन. पाड्यानंच ती बांधून दिली होती, पण पहिलं वर्षभर मुलं नुसती दारातून डोकावायची आणि पळून जायची.

दुसऱ्या वर्षी आज्यानं वडिलांना नवं खायला बसवलं. आजा म्हणजे पाड्यातला सगळ्यांत म्हातारा माणूस. त्याला सगळेच आजा म्हणत, म्हणून आम्हीही म्हणायचो. आणि नवं म्हणजे त्या साली पिकलेल्या भाताचा पहिला घास. आधी देवाला, मग वाडवडिलांना, मग पाड्याच्या माणसांना. परक्याला तो द्यायची पद्धत नव्हती. ज्यानं नवं खाल्लं तो पाड्याचा झाला, आणि पाड्याच्या माणसानं पाड्याचं वाईट करायचं नसतं. घास गिळला की संपलं, वेगळी शपथ लागत नसे. वडिलांनी तो गिळला आणि दुसऱ्या दिवसापासून शाळेत बसायला जागा पुरेना.

आज्याची नात माझ्याच वयाची होती. तिच्याशिवाय मला तिथे मैत्रीण नव्हती. जोडाक्षरं तिला माझ्याआधी आली, आणि मी मास्तरची मुलगी असल्यामुळे माझा नुसता जळफळाट व्हायचा. ती वाचायला उभी राहिली की आजा बाहेर कुडाला टेकून बसे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला हातानं थांबवून ऐकायला लावी.

त्या वेळी रानाचा ठेका एका मोठ्या लाकडाच्या कंपनीकडे होता. दिवाळी झाली की कंपनीच्या कोळशाच्या भट्ट्या पेटत आणि आख्खा पाडा घरांच्या दारांना काटक्या लावून भट्ट्यांवर राहायला जाई, पोराबाळांसकट. कोळसा फोडायला आणि चाळायला लहान हात बरे पडतात म्हणे. शाळा भरू लागली तशा बायका मुलांपायी मागे राहू लागल्या, आणि त्यांच्यापायी काही पुरुषही. भट्ट्यांवर माणसं कमी पडली. शाळेनं एवढंच केलं होतं.

एवढ्यानंच कंपनीच्या पोटात दुखू लागलं. जव्हारात बोलणं सुरू झालं की रानातल्या शाळा पावसाळ्यात भरवाव्यात आणि हिवाळा-उन्हाळा ‘हंगामी सुट्टी’ द्यावी, म्हणजे रयतेची सोय होईल. रयतेला कोणी विचारलं नव्हतं. पावसाळ्यात आमच्या ओढ्याला पाणी चढलं की अर्धा पाडा पलीकडे अडकायचा आणि उरलेला लावणीच्या चिखलात असायचा, हे सांगायला वडील शाळाखात्यातल्या बड्या अधिकाऱ्याकडे गेले. अधिकारी म्हणाले, “मास्तर, तुम्ही बाराखडी शिकवा. धोरण ठरवायला आम्ही आहोत.” त्याच सुमारास कंपनीनं जव्हारात दगडी शाळा बांधून द्यायचं कबूल केलं होतं. कौलारू छप्पर, पितळी घंटा. एका हातानं द्यायचं आणि दुसऱ्या हातानं काढून घ्यायचं, पण टाळ्या मात्र पहिल्या हातालाच वाजतात.

वडिलांनी हे सगळं आज्याला सांगितलं. आज्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, “गुरुजी, त्या मॅनेजराला आपलं नवं चारू. मंग तो कसं वाईट करंल?”

कंपनीचा मॅनेजर कार्तिकात रान बघायला आला. गोरटेला, गोड बोलणारा, थकलेला माणूस. आज्यानं त्याला घोंगडीवर बसवलं, पळसाच्या पानावर गरम भात वाढला. मॅनेजर पोटभर जेवला, वर मागून घेतला, “असा तांदूळ मुंबईला मिळत नाही,” म्हणाला. बायका तोंडाला पदर लावून हसल्या. माझी मैत्रीण तर मला मिठी मारून नाचली, कारण आता शाळा वाचली होती. आज्याच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी पाहिलं. मॅनेजरला भूक लागली होती, एवढंच.

थोड्याच दिवसांत हंगामी सुट्टीचा हुकूम आला. भट्ट्या पेटल्या आणि पाडा गेला. पावसाळ्यात वडील रिकाम्या शाळेत छपराच्या गळतीखाली बसून राहिले, आणि मग वर कळवलं गेलं की रानातल्या मुलांना शिकण्याची गोडीच नाही. शाळा बंद झाली. वडिलांची बदली जव्हारच्या नव्या दगडी शाळेत झाली. नातेवाईक पेढे घेऊन आले.

आम्ही निघालो तेव्हा आजा वडिलांना म्हणाला, “मॅनेजराला ठावं नसंल. वरच्यांनी केलं असंल. त्यानं नवं खाल्लंय, त्यो उघडंल शाळा.”

पुढच्या कार्तिकात आज्याची नात डोंगर चढून आमच्या दारात आली. पानात बांधलेल्या नव्या तांदळाच्या दोन पुड्या तिच्या हातात होत्या. एक गुरुजींची, एक मॅनेजराची. एकदा नवं खाल्लेल्याला ते दरसाल पोचवायचं असतं, नाहीतर नातं वाळतं. मॅनेजर केव्हाच दुसऱ्या रानात बदलून गेला होता. वडिलांनी तोंड उघडलं, तिच्याकडे बघितलं आणि नुसतं “पोचवतो,” म्हणाले. त्याच्या वाटणीचा भातही आईनं शिजवला आणि आम्हीच खाल्ला.

मग दरसाल हेच. पहिल्या वर्षी तिनं आमच्या भिंतीवरचं पंचांग खडाखडा वाचून दाखवलं होतं. पुढे ती अडखळू लागली. आणखी पुढे ती भिंतीकडे बघेनाशी झाली. बोटांच्या पेरांत कोळसा कायमचा बसला होता. मी तिला पाटी दिली तर हसून म्हणाली, “ऱ्हाऊ दे बाय, मळंल ती.” मी आत जाऊन रडले. अजूनही दगडी शाळेच्या कोनशिलेवर कंपनीचं नाव दिसलं की माझं डोकं फिरतं. पण दर वेळी जाताना ती आज्याचा प्रश्न मात्र विचारून जायची, “शाळा कधी उघडंल?” आणि वडील म्हणायचे, “उघडेल.”

एका वर्षी तिनं एकच पुडी पुढे केली.

“दुसरी?” वडिलांनी विचारलं.

“आजा गेला, गुरुजी. जाताना म्हनला, मॅनेजराला आता नको देऊ. गुरुजींचं मात्र चुकवू नको. ते आपलं हायेत.”

म्हणजे त्याला कळलं होतं. ते कळून तो गेला.

आईनं त्या दुपारी नवा भात वाढला. वडिलांनी घास तोंडाजवळ नेला आणि पुन्हा ताटात ठेवला. तेवढ्यात दगडी शाळेची पितळी घंटा वाजली. मधली सुट्टी संपली होती. वडिलांनी हात धुतले, टोपी घातली आणि ते शिकवायला निघून गेले.