चाकूवरचा शब्द

झहरानला कुणी जाहिरातवाला म्हटलं असतं, तर हातातला चाकू खाली ठेवून तो पोट धरधरून हसला असता. पण कैरोच्या सय्यदा झैनब भागात त्याच्यासारखी जाहिरात दुसऱ्या कुणी केली नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो. तीस उन्हाळे तो फरगलीच्या फळांच्या दुकानापुढे उभा राहिला. एका हातात कलिंगड, दुसऱ्या हातात चाकू, आणि गळा असा खणखणीत, की गल्लीच्या पार दुसऱ्या टोकाला भांडी घासत बसलेली बाई ओल्या हातांनी खिडकीत यायची.

"चाकूवर आहे, चाकूवर! लाल नसेल तर माझ्या मानेवर!"

चाकूवर म्हणजे काय, ते आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. गिऱ्हाइकानं कलिंगड निवडायचं, विकणाऱ्यानं त्याच्या डोळ्यांदेखत तिकोनी खाप काढून दाखवायची. लाल निघालं तर गिऱ्हाइकाचं. पांढरं निघालं, म्हणजे भोपळा निघाला, तर विकणाऱ्याचं. मुकाट्यानं बाजूला ठेवायचं आणि दुसरं कापायचं. बोलणाऱ्याची बोरं विकतात म्हणतात ते खरं, पण झहरान नुसता बोलत नसे, कापत असे.

"अहो, चारचौघांत एक भोपळा परत घेतला ना, की त्या दिवशी वीस कलिंगडं जास्त जातात," तो सांगायचा. "लोकांना कलिंगड नको असतं. आपण फसलो नाही, एवढंच हवं असतं त्यांना."

हे त्याला कुठल्या शाळेनं शिकवलं नव्हतं. संध्याकाळी दिवसभराचे तीन-चार भोपळे तो घरी आणायचा. बायको कौसर कपाळावर हात मारून घ्यायची आणि शेजारणीच्या शेळीपुढे ते टाकून यायची.

दुकान फरगलीचं, आणि फरगली त्याचा दूधभाऊ. झहरान चाळीस दिवसांचा असताना त्याची आई गेली. शेजारच्या हज्जा वगीदानं एकीकडे आपला फरगली आणि दुसरीकडे हा, असं दोघांना पाजून वाढवलं. झहरान तिला आईच म्हणायचा. त्यानं दुकानात हिस्सा कधी मागितला नाही. आईच्या दुकानात हिस्सा कोण मागतं?

गेल्या वर्षी हज्जा अंथरुणाला खिळली. फरगलीनं तिला कैरोबाहेरच्या, अक्तूबर नावाच्या नव्या शहरातल्या आपल्या घरी नेलं. ते इतकं लांब, की दोन गाड्या बदलाव्या लागतात. एका दुपारी तो जावयाला, हैसमला, घेऊन झहरानकडे आला.

"आई सारखी विचारते रे, माझा ओरडणारा पोरगा कुठाय?" फरगली म्हणाला. "एवढ्या लांबून तुझा आवाज कसा यायचा तिला? फोनमध्ये एकदा म्हणून दे. उशाशी लावून ठेवतो."

 डोळे मिटून झहराननं हज्जाचा चेहरा आठवला आणि हाक दिली, "चाकूवर आहे गं आई, चाकूवर! लाल नसेल तर माझ्या मानेवर!" 'गं आई' म्हणताना आवाज जरा कापला.

"काका, अजून एकदा," हैसम फोन पुढे धरून म्हणाला. "तो 'गं आई' मात्र तस्साच येऊ द्या."

पोराला किती माया आहे, असं झहरानला वाटलं. त्यानं तीनदा म्हणून दिलं.

पंधरा दिवसांत हज्जा गेली. चाळिसावा झाल्यावर फरगलीनं झहरानचे दोन्ही गाल चुंबले आणि म्हणाला, "तुझे गुडघे गेलेत. आता घरी बस, आराम कर. भावाचं ऐक." झहराननं घरी येऊन कौतुकानं सांगितलं, की असा भाऊ नशिबानं मिळतो. कौसर भाजी निवडत होती. "न मागता आराम देतं का हो कुणी?" एवढंच ती म्हणाली. बायका वेळेवर बोलतात, आपण वेळेवर ऐकत नाही.

यंदा कलिंगडं लागली आणि एके सकाळी उम्म निस्मा, म्हणजे निस्माची आई, दारात उभी राहिली. ही आमच्या गल्लीतली शिवणकामवाली, आता अक्तूबरमध्ये राहायला गेलेली. तिनं पिशवीतून अर्धं कलिंगड काढून ओट्यावर ठेवलं. पांढरंफटक.

"झहरानभाऊ, भांडायला नाही आले मी," ती म्हणाली. "काल निस्माच्या साखरपुड्याला सासरची माणसं आली होती. बाजारात तुमचा आवाज ऐकला, चाकूवर आहे म्हणून. न कापताच घेतलं. म्हटलं, झहरानचा शब्द आहे. ताटात हे असं. तिची सासू म्हणते, 'वा, काकडी ताजी आहे हो!' माझी मान खाली गेली."

"माझा आवाज? अहो, मी तर आठ महिने घरी बसलोय!"

"फरगलीच्या अक्तूबरमधल्या नव्या दुकानावर भोंगा लावलाय. दिवसभर तुम्हीच ओरडता. मी म्हटलं, जरा कापून दाखवा, तर गल्ल्यावरचा माणूस म्हणतो, मावशी, ते नुसतं म्हणायचं असतं."

झहराननं हळूच विचारलं, "त्यात 'गं आई' आहे का?"

"तेच तर गोड आहे. सगळ्या बायका त्यालाच भुलतात."

 झहरान पाणीही न पिता गल्लीतल्या जुन्या दुकानात फरगलीकडे गेला. फरगली गल्ल्यावर द्राक्षांचे घड निवडत होता, शेजारी हैसम.

"अरे, जाहिरात आहे ती," फरगली म्हणाला. "एवढं काय मनाला लावून घेतोस? चहा घे."

"काका, गिऱ्हाईक डोक्यानं घेत नाही, काळजानं घेतं," हैसम समजावू लागला. "भरवसा हवा, माया हवी आणि तेच तेच कानावर पडत राहायला हवं. तुमच्या 'गं आई'नं विक्री दुप्पट झाली. अभिमान वाटू द्या."

"मग कापत का नाही?"

"कापलं तर भोपळे आमच्या गळ्यात पडतील ना!"

"आणि माझ्या शब्दाचं काय रे, चोरा? मान माझी दिली आहे मी त्यात!"  मग एकदम झहरानचा आवाज उतरला. "फरगली, एवढं सांग. आईला ऐकवलंस ना?"

फरगलीनं द्राक्षाचा एक सडका मणी तोडला.

"ती झोपलेलीच असायची रे," तो म्हणाला.

जन्मभर ज्यानं हातात चाकू धरला, त्याचा गळा दूधभावानं केसानं कापला. झहरान तिथून निघाला. रस्त्यात मात्र भिंतीला टेकून लहान मुलासारखा रडला.

दुसऱ्या दिवशी रुमालात चाकू गुंडाळून तो अक्तूबरला गेला. रंगीत पाटी, दिव्यांची माळ, आणि वर भोंग्यातून त्याचाच आवाज. खाली बायकांची गर्दी. तो त्यांच्यात शिरला आणि म्हणाला, "घेऊ नका. तो आवाज माझा आहे, मी शब्द परत घेतोय."

कुणी वळूनही पाहिलं नाही. तेव्हा त्यानं सारा जोर लावून हाक दिली, "चाकूवर आहे, चाकूवर!" आठ महिने न वापरलेला गळा मध्येच फाटला.

एक बाई हसली. "काका, नक्कल बरी करता. पण खऱ्याची सर नाही हो."

झहराननं वर भोंग्याकडे पाहिलं. वरून खरा ओरडत होता, 'गं आई'.

"बरं, मी नकली," तो म्हणाला. "तुमचं हे कलिंगड कापून तर दाखवू?" बाईनं गमतीनं पुढे केलं. त्यानं खाप काढली. पांढरी. बाईनं नाक मुरडलं, कलिंगड त्याच्याच हातात ठेवलं आणि चालू लागली.

"ए म्हाताऱ्या! कापलंस ना? आता ते तूच घ्यायचं!" गल्ल्यावरचा माणूस खेकसला.

वर भोंगा म्हणाला, "लाल नसेल तर माझ्या मानेवर!"

झहराननं पैसे दिले, कलिंगड खांद्यावर मानेला टेकवून घेतलं आणि दोन गाड्या बदलून घरी आला. कौसरनं दार उघडलं.

"अगंबाई, आता कसला भोपळा? काम तर सुटलं ना तुमचं?"

"माझाच आहे," झहरान म्हणाला. "आईला शब्द दिला होता मी." आणि तो स्वतःच शेजारणीच्या शेळीकडे निघाला.