चिकटपट्टीची खोली

आधी समोरच्या दारातल्या खालाचं, आमच्या मानलेल्या मावशीचं सांगते, मग बाकीचं. ती रायगडकडची, आम्ही रत्नागिरीकडचे, त्यामुळे आमच्या मच्छीच्या सालनाला, म्हणजे कालवणाला, ती रोज नावं ठेवायची. तोंड असं, की ती जिन्यात दिसली की इमारतीतले पुरुष काहीतरी विसरल्यासारखं करून परत वर जायचे. माझा मुलगा आज हिंडतो-फिरतो तो तिच्यामुळे.

रियाधमधला कुवेतच्या लढाईचा हिवाळा. मुलाचे चाळीस दिवस व्हायचे होते. आई येणार होती, तर विमानंच बंद पडली. तिनं आधी कुणाच्या तरी हाती कॅसेट मात्र पाठवली होती: बाळंतिणीच्या खाटेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेव, वर ओव्याची चिमूट टाक, बाळाला गारठा लागू देऊ नको. सातवीत शाळा सोडलेली मी, पण हा धडा तोंडपाठ केला. आईचं घर कौलारू, वारा एका बाजूनं येऊन दुसऱ्या बाजूनं जाणारा. हे कॅसेटमध्ये नव्हतं. तिला ते सांगावंसं कशाला वाटेल?

नवरा शहराच्या सुलै भागात गोदामात कामाला. हल्ल्यात विषारी गॅस सोडतील या भीतीनं एक खोली हवाबंद करा, असं जो तो सांगत होता, आणि त्यात वादळ येतंय, लाइट जाणार, ही हूल. मग नवऱ्याची तयारी सुरू झाली. टॉर्च आणला, सेल राहिले. पाणी भरून ठेवलं ते माझ्या सगळ्या पातेल्यांत, आणि वर विचारलं, जेवायला काय? गोदामातून खोके बांधायची चिकटपट्टी आणून खिडक्या, एसीच्या कडा, भिंतीतली भेग, सगळं असं बंद केलं, जणू खोली जहाजानं कुठे पाठवायची होती. हीटर विजेवरचा. लाइट गेल्यावर त्याचं काय, असं मी विचारलं, तर म्हणाला, तू फार घाबरतेस. घाबरत होतेच.

दुपारीच आभाळ काळं झालं, गारा आल्या, आणि लाइट गेली. खोली थंड पडली, मूल रडून रडून लाल झालं. तेव्हा नवऱ्याला कॅसेट आठवली. कबाबासाठी आणलेला कोळसा त्यानं गॅलरीत फुलवला, घमेल्यात घालून माझ्या खाटेखाली सरकवला, दार लावलं, फटीला ओला टॉवेल खुपसला. ओव्याचा वास सुटला. मला गावी आल्यासारखं वाटलं, खोटं कशाला बोलू. थोड्या वेळानं डोकं जड झालं. बाळंतपणाचा अशक्तपणा असेल, म्हटलं. मूल गप्प झालं. नवरा जांभई देत म्हणाला, "बघ, ऊब मिळाली तर कसा शांत झाला."

खाला काडेपेटी मागायला आली होती. बाहेरचं दार नुसतं लोटलेलं; हाक मारून कुणी ओ देईना, म्हणून खोलीचं दार तिनं खांद्यानं ढकललं. आत पाऊल टाकलं आणि काही न विचारता मूल उचलून सरळ गॅलरीत, त्या गारठ्यात. मी भिंत धरत मागून गेले. मूल तिच्या हातात ढिलं पडलं होतं. तिनं त्याच्या तळव्यांना टिचक्या मारल्या, तोंडावर पावसाचं पाणी शिंपडलं. ते रडलं. इतकं कर्कश, की मी खाली बसले.

मग ती आत जाऊन नखांनी पट्ट्या ओरबाडू लागली. "बाहेरचा गॅस नको म्हणून कोळशाचा घरीच केलास होय रे, शहाण्या?"

"पण खाला, सायरन झाला तर?"

"सायरननं मेलास तर निदान बातमी येईल. असा मेलास तर तुझ्या सासूला काय सांगू?"

लाइट येईपर्यंत तिनं आम्हाला तिच्या घरी ठेवलं. मूल माझ्या छातीशी, वर तिच्या सगळ्या गोधड्या, आणि खिडकी बोटभर उघडी. नवरा दाराशी बसून काळे तळवे पुसत होता. त्याला तिनं रात्री सालन वाढलं, आणि तुमच्यापेक्षा चांगलं आहे हे त्याच्याकडून कबूल करून घेतलं.

खाला आता गावी असते. गुडघ्यांनी बसवलंय, मुलं परदेशात. खाला, मी येईन. तुझ्या गुडघ्यांना शेगडीवर फडकं तापवून मी माझ्या हातानं शेक देईन, तू हाकलून देईपर्यंत राहीन. आणि शेगडी पेटवायच्या आधी सगळ्या खिडक्या उघडीन.