नायिकेच्या बापाचा आवाज

मंडळी, आज सकाळी परळीत उतरलेल्या नाटक कंपनीच्या मालकांना गाऊन दाखवलं. ते म्हणाले, "आवाज लई दमदार हाय, पण खालचा हाय. नायक वरच्या पट्टीत गातो. तुला राक्षसाचं काम देतो."

तसाच उठून ओळखीच्या वकीलसाहेबांकडे गेलो. त्यांच्या ग्रामोफोनवर विलायती संगीत नाटकाची तबकडी लागली होती. गाणाऱ्याचा आवाज थेट माझ्यासारखा! अंगावर काटा आला.

"साहेब, हा नायक का?"

"न्हाई रे. अशा आवाजाला तिकडं बॅरिटोन म्हणतात. हा नायिकेचा बाप. तिचं लगीन मोडायला आलाय."

म्हणजे तिकडंही तेच. संध्याकाळी मालकांना होकार देऊन आलो.

खरं सांगा, अशा आवाजातलं प्रेमाचं गाणं तुमी तरी ऐकाल का?