मोटारीच्या दारावरची गोधडी

मंगळवारी परभणीच्या दवाखान्यातून आम्ही बोरीला निघालो, तेव्हा मोटारीची उजवी बाजू झाकलेली होती आणि डावी उघडी... डावी मीच आदल्या दिवशी उघडी केली होती.

आधी मोटारीबद्दल. एका व्यापाऱ्यानं दवाखान्याला दिलेली, कापडी टपाची जुनी गाडी. खेड्यांतल्या अडलेल्या बायकांना आणायला ती जाते. चालवतात गफूरचाचा. दोन वर्षांपासून सोबत नर्स म्हणून मी असते.

चाचांनी दारांच्या वरच्या कडांवर आणि टपाच्या लोखंडी दांड्यांवर जुन्या गोधडीच्या पट्ट्या गुंडाळून सुतळीनं शिवल्या होत्या. मला वाटायचं, रंगावर ओरखडे पडू नयेत म्हणून. ड्रायव्हर लोकांना गाडीची माया असते...

त्या पट्ट्या मला पहिल्यापासून खटकत. पावसाळ्यात त्या पाणी धरून ठेवत, खालचा पत्रा गंजून फुगला होता. आणि जे कापड उकळता येत नाही ते पेशंटजवळ नको, हे आम्हाला हैदराबादला पहिल्याच वर्षी शिकवलं आहे.

सोमवारी कात्री घेऊन मी डावी बाजू काढली. "राहू द्या की, बाई. कामाची चीज हाय," चाचा म्हणाले. काय काम, म्हणून विचारलं तर मडगार्ड पुसत राहिले.

"रंगापेक्षा पेशंट मोठा, चाचा."

"मोठाच की," म्हणाले आणि फडकं पिळलं. मला तो हट्ट वाटला. उजवी बाजू दुसऱ्या दिवशी काढायची ठरली... पण सकाळीच बोरीहून माणूस आला.

रुक्मीण, वय अठराच्या आसपास, पहिलं बाळंतपण. बाळ आडवं होतं. गावात काही करता येण्यासारखं नव्हतं, डॉक्टरच हवे होते. सासूला तयार करण्यात वीस मिनिटं गेली. शेवटी तीही सोबत आली. रुक्मीण डाव्या दाराशी, सासू उजव्या, मध्ये मी.

पहिल्याच ओढ्याच्या उतारावर रुक्मीणला कळ आली. तिनं दाराची कड धरली, गाडी उसळली... आणि तिच्या हातातली हिरवी बांगडी पत्र्यावर आपटली. दोन तुकडे माझ्या मांडीवर पडले.

"थांबवा गाडी," सासू म्हणाली. "बांगडी वाढली. माझ्या लेकाच्या जिवावरचं हाय हे. आमी न्हाई यायलाव पुढं."

"मावशी, परत नेलं तर ही वाचणार नाही."

तिनं माझ्या मनगटांकडे पाहिलं. "तुमी नका बोलू, बाई. तुमाला काय त्याचं?"

माझे हात मोकळे आहेत. सतराव्या वर्षी नवरा गेला, मग वडिलांनी नर्सिंगला पाठवलं. असं बोलणं मला नवीन नाही. मी रुक्मीणची नाडी मोजत राहिले. एकशे वीसच्या वर गेली होती.

चाचा खाली उतरले आणि सासूच्या बाजूला येऊन उभे राहिले. "मावशी, सुनेची बांगडी वाढली तर सासूनं आपल्या हातातली एक घालायची. मागलं समदं फिटतं. पोखर्णीकडं असंच करतेत. नरसिंहाचं गाव हाय ते."

"तू मुसलमान. तुला काय ठावं?"

"आठ वरसं झाली, बायाच आणायलोय ह्या गाडीत. मला न्हाई तर कुणाला ठावं?"

सासू आपल्या हातातली एक बांगडी उतरवायला लागली. रुक्मीणचा हात सुजलेला, बांगडी जाईना. मी पिशवीतली ग्लिसरीनची बाटली पुढे केली. सासूनं एकदा बाटलीकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं... आणि बाटली घेतली. चार मिनिटं लागली.

चाचांनी रुक्मीणला उजव्या दाराशी बसवून घेतलं. "हितं धर, बेटी. घट्ट."

पुढचा सगळा रस्ता तिची मूठ त्या गोधडीत रुतलेली होती. दर धक्क्याला बांगड्या कापडावर टेकत होत्या, आवाजसुद्धा होत नव्हता. ते बघत असताना मला कळलं, चाचांनी रंग कधीच जपला नव्हता.

दुपारी डॉक्टरांनी बाळ फिरवून घेतलं. मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत.

संध्याकाळी चाचा गाडी धूत होते. मी विचारलं, पोखर्णीला खरंच तसं करतात का?

"काय म्हाईत, बाई. तवा सुचलं ते बोललो."

"आणि पट्ट्या कशासाठी आहेत, ते मला सोमवारी का नाही सांगितलं?"

बादलीतलं उरलेलं पाणी त्यांनी चाकावर ओतलं. मग खाली बघतच म्हणाले, "तुमच्यासमोर बांगड्यांचं कसं काढावं..."

मी वॉर्डात गेले, टेंपरेचरं घ्यायची होती.

पट्ट्या राहणार आहेत. पण आता शिवलेल्या नाहीत, नाडीनं बांधायच्या. दोन जोड केले आहेत, एक गाडीवर असतो तेव्हा दुसरा उकळून वाळत असतो. मापं मी घेतली, शिवल्या चाचींनी. गंज चाचांनी घासून काढला.

मी स्वतःला काटेकोर समजते. पण "काय काम?" एवढं एकदाच विचारलं, आणि उत्तर आलं नाही तरी कात्री थांबवली नाही. त्यांनी माझं बोलणं ऐकून घेतलं, हट्टी ठरले... पण माझ्या हातांचा विषय निघू दिला नाही. समोर उभं राहून आभार मानले तर ते पुन्हा फडकं घेऊन पुसायला लागतील. म्हणून इथे लिहिते आहे.