पावणीचं डालगं

आक्का कोंबडी कानाला लावून ऐकायच्या. दोन्ही पंख दाबून तिला उचलायच्या, तिची छाती आपल्या उजव्या कानाशी धरायच्या आणि डोळे मिटून घ्यायच्या. एरवी ही बाई बोलली की अख्ख्या गल्लीला ऐकू जायचं, पण तेवढा वेळ एकदम गप्प. कोंबडीही गप्प. मग डोळे उघडून निकाल द्यायच्या : "छाती साफ हाय." नाहीतर, "आत घरघर करतीया. थंडीवाऱ्यात ठेवू नका." हा निकाल चुकलेला मी कधी पाहिला नाही. उचगावच्या आमच्या गल्लीत कुणीही कोंबडी आणली की ती आधी आक्कांच्या कानाला लागायची.

आमच्या आणि त्यांच्या परसाच्या मधे मेंदीचं कुंपण होतं. पलीकडे त्या एकट्या राहायच्या. नवरा फाउंड्रीत कामाला होता, तो जाऊन बरीच वर्षं झालेली. लेक कोडोलीला दिलेली. परसात वीसेक कोंबड्या, साऱ्या काळ्याभोर आणि उघड्या मानेच्या. लग्न होऊन आल्या तेव्हा आईनं बरोबर एक कोंबडी आणि एक कोंबडा दिला होता, त्यांचाच हा वंश. त्यांची अंडी विकून आक्का जगायच्या, आणि त्या जातीचं एक पिल्लूही त्यांनी गल्लीत कधी कुणाला दिलं नव्हतं.

आम्ही मंगळवार पेठेतली दोन खोल्यांची जागा सोडून तिथं राहायला गेलो. आईबाबा दोघंही चळवळीतले. आमच्या घरात धान्याच्या डब्यांपेक्षा पत्रकांचे गठ्ठे जास्त होते आणि मी अक्षरं गिरवली ती त्यांच्या कोऱ्या पाठीवर. मागं पेरूचं झाड आणि थोडी मोकळी जमीन मिळाली, तेव्हा कोंबड्या पाळायच्या हे मीच ठरवलं. घरच्या खरकट्यावर घरची अंडी, मोठ्या कंपन्यांना एक रुपया नाही, असं माझं भाषण जेवताना झालं. बाबांनी दोन रविवार खपून खुराडं ठोकलं, हिरवा रंग दिला. आक्का कुंपणापलीकडून म्हणाल्या, "बघू की काय बांधलंय." आल्या आणि जाळीतून हात घालून आत ठेवलेलं पाण्याचं भांडं त्यांनी सरळ बाहेर काढलं.

"कुणी केलं हे?"

"बाबांनी."

"बाबांना सांग, मुंगसाला लई आवडंल. हात न घालता जेवंल."

मग बारीक जाळी आली. तळ जमिनीपासून हातभर वर उचलला. दार पूर्वेला फिरवलं, सकाळचं ऊन आत जाऊन ओल सुकावी म्हणून. कोपऱ्यात कोंबड्यांना लोळायला राखेचा खड्डा केला. बाबा निमूटपणे खिळे उपटत होते. मोर्चात पोलिसांशी हुज्जत घालणारा माणूस इतका आज्ञाधारक मी प्रथमच पाहिला.

तरी कोंबड्या मिळाल्या नाहीत. "आठ दिस नुसतं बघायचं," आक्का म्हणाल्या. मी रोज सकाळी त्यांच्या पायरीवर बसायची. उठताना प्रश्न यायचा : "आज पाणी सगळ्यात शेवटी कोण प्यालं?" मला सांगता यायचं नाही. "मग आजारी पडली तरी तुला कळायचं न्हाय. उद्या ये." त्या मात्र भाजी निवडत, माझ्याशी बोलत, मान वर न करता सांगायच्या, "त्या तुटक्या तुऱ्याचीनं कालपासनं अंडं दिल्यालं न्हाय." मी वह्यांवर वह्या भरून लोकांबद्दल लिहीत होते आणि समोरच्या वीस जिवांतलं कोण कसं आहे हे मला दिसत नव्हतं. सहाव्या दिवशी मी म्हणाले, "ती मागची दाण्यापाशी आली, पण चोच लावली नाही."  त्या संध्याकाळी त्यांनी दोन तलंगा, म्हणजे अंड्यावर यायच्या बेतातल्या दोन तरुण कोंबड्या, माझ्या हातात दिल्या. काळ्या, उघड्या मानेच्या. आई बघतच राहिली.

लशीचा दिवस हा आक्कांचा खरा पराक्रम. मान पिरगळून मारणारा एक रोग कोंबड्यांना होतो, आमच्याकडे त्याला मानमोडी म्हणतात. त्याच्या लशीचा जोर काही महिन्यांत ओसरतो, म्हणून ती पुन्हा पुन्हा घालावी लागते. तिची बाटली शंभरेक कोंबड्यांना पुरते आणि एकदा फोडली की बर्फात धरून तासा-दोन तासांत संपवावी लागते. एका घराचं ते काम नाही. म्हणून आक्का सगळ्या गल्लीच्या कोंबड्या एका सकाळी गोळा करायच्या. शिवणकाम करणाऱ्या शमीमभाभी, कोपऱ्यावरच्या गोठेवाल्या काकू, भाड्यानं राहणारे कामगार, सगळे काखेत कोंबडी घेऊन ओळीनं उभे. कोण कुणाच्या आधी, यावरून कुणी तोंड उघडलं तर आक्कांचा आवाज : "ए, कोंबडी गप हाय, तुला काय झालं वरडायला?" एकजुटीची पत्रकं आम्ही वर्षानुवर्षं वाटत होतो. एकत्र उभी राहिलेली गल्ली मी तिथं पाहिली.

आणि एक होतं पावणीचं डालगं. बाहेरून आणलेली कोंबडी आक्का पंधरा दिवस इतरांत सोडू द्यायच्या नाहीत. परसाच्या पार टोकाला डालग्याखाली, म्हणजे मोठ्या टोपलीखाली, ती वेगळी ठेवायची. तिचं पाणी वेगळं, दाणा वेगळा. उन्हाळ्याच्या लशीला दोन आठवडे उरले असताना मी बाजारातून एक तांबडी कोंबडी आणली. आक्कांनी ती कानाला लावली. "छाती साफ हाय. पण मानमोडी कानाला ऐकू येत न्हाय. पंधरा दिस डालग्यात."

मी भडकले. "आक्का, ही तर शिवाशिव झाली! नवी आली म्हणून वेगळं पाणी, वेगळं ताट?"

 आक्का पहिल्यांदाच हळू आवाजात बोलल्या. "शिवाशिव मला शिकीवतीस व्हय ग पोरी? माझ्या आईची कपबशी दुसऱ्याच्या गोठ्यात वळचणीला खोचलेली असायची. ती काम करून दमली की त्यात वरनं च्या वतायचे. मी शेजारी उभा असायचो. त्या कपबशीची मुदत कवा संपली न्हाय. ह्या डालग्याची पंधरा दिसात संपती. आन् डालग्यातलीला मी चांगला दाणा घालतो. फरक कळतोय का?"

कळला होता. पण हरायला आवडलं नव्हतं. "तरी पण तत्त्व म्हणून..." मी म्हणाले.

"तुझं परस हाय. मी सांगायचं ते सांगितलं."

तिसऱ्या दिवशी मी डालगं उचललं. तांबडी सगळ्यांत मिसळली, मेंदीतून वाट काढून आक्कांच्या परसातही जाऊन आली. चार दिवसांनी तिनं दाणा सोडला. विष्ठा हिरवी झाली, मान मागं वळली. गुरुवारी ती मेली आणि मी तिला पेरूखाली पुरलं. कुणाला सांगितलं नाही. रविवारी लस होती.

शुक्रवारी सकाळी आक्कांच्या तीन कोंबड्या आडव्या पडल्या होत्या आणि आमच्या दोन तलंगा कोपऱ्यात माना टाकून बसल्या होत्या. आक्कांनी आपल्या दाराला आतून कडी घातली. त्या दिवसापासून ही बाई कुणाच्या उंबऱ्याला शिवली नाही. पायाला लागून रोग दुसऱ्याच्या परसात जाईल म्हणून. किराणा हवा असला तर रस्त्याच्या मधोमध उभ्या राहून ओरडायच्या, दुकानदार पिशवी रस्त्यात ठेवून जायचा. माझ्या आईला कुंपणावरून म्हणाल्या, "तुमच्या तलंगा माझ्याच घरच्या, त्यांनाबी लागलंया. तुमीबी कुणाच्या परसात जाऊ नका." जिच्या आईला आयुष्यभर बाहेर उभं केलं, ती लेक दुसऱ्यांच्या कोंबड्यांसाठी आपणहून बाहेर उभी राहिली होती. मी खिडकीतून बघत होते.

दुपारी मोटरसायकलला जाळीची टोपली बांधलेला व्यापारी आला. तोवर आक्कांच्या नऊच कोंबड्या पायावर उरल्या होत्या.

"आक्का, हुब्या हायत तवर द्या. सांजच्याला हाटेलात जात्यात. कुणाला कळतंय?"

"मला कळतंय की," आक्का आतून म्हणाल्या. "आन् तुझ्या टोपलीतनं हे धा गावाला जाईल. चल, फुडं हो."

शनिवारपर्यंत त्या नऊही गेल्या. आक्कांनी कंबरभर खड्डा खणला, चुना पसरला, एकेक हातानं आत ठेवली. आमच्या मेलेल्या तलंगाही मी कुंपणावरून त्यांच्याकडे दिल्या. माहेरहून आलेला वंश त्या एका खड्ड्यात संपला.

आणि गल्ली बोलू लागली. गोठेवाल्या काकू दारात उभ्या राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "सगळ्यात आधी हिच्याच मेल्या. हिनंच आणलं असणार. त्या लोकांचं तसलंच असतंय." माझ्या अंगाची आग झाली. जातीवर तासभर बोलता आलं असतं मला, सगळे मुद्दे तयार होते. पण त्या क्षणी जो एकच मुद्दा खरा होता तो पेरूखाली पुरलेला होता. जातीवर बोलणं सोपं होतं. 'माझी कोंबडी' एवढे दोन शब्द अवघड होते. मी आत गेले.

रविवारी लस झाली. आक्का रस्त्याच्या पलीकडच्या कडेला उभ्या होत्या, बाटली शमीमभाभींच्या हातात.

"डोळ्यात! एकच थेंब! शमीम, सरबत पाजतीस व्हय?"

"आक्का, डोळा मिटती ती!"

"मिटंल न्हाईतर काय! थांब जरा, उघडंल. ए काकू, तुमची पळाली बघा, धरा!"

आदल्या दिवशी जिनं शिव्या घातल्या होत्या तिची कोंबडी आक्का रस्त्यापलीकडून धरायला सांगत होत्या. आवाजात कडवटपणाचा थेंब नव्हता. शेवटच्या कोंबडीला लस होईपर्यंत त्या उन्हात उभ्या राहिल्या.

त्या रात्री मी पत्रक लिहायला बसले. 'गल्लीतील बंधुभगिनींनो' एवढं लिहिलं आणि फाडून टाकलं. सोमवारी सकाळी प्रत्येक दारासमोर रस्त्यात उभी राहिले आणि मोठ्यानं सांगितलं : रोग माझ्या तांबडीनं आणला. आक्कांनी वेगळी ठेवायला सांगितली होती, मी ठेवली नाही. मेल्यावर लपवलं. आक्कांच्या माझ्यामुळं मेल्या. शमीमभाभी शिलाई मशीन थांबवून ऐकत राहिल्या. काकू म्हणाल्या, "मग हितं काय सांगतीस? तिला सांग जा."

आक्का रिकाम्या खुराड्याला चुना लावत होत्या. मी कुंपणापाशी उभी राहून सगळं सांगितलं. त्यांनी हात थांबवला नाही.

"ठावं हाय मला. तिसऱ्याच दिशी डालगं उचलल्यालं दिसलं की."

"मग गल्ली तुम्हाला बोलत होती तेव्हा तुम्ही..."

"सांगितलं असतं तर काय झालं असतं? निम्मी गल्ली तुझ्या दारात भांडाया आली असती. त्याच पायानं आपापल्या परसात गेली असती. आन् लस ऱ्हायली असती." त्यांनी कुंचला बादलीत बुडवला. "आदी लस. भांडाण काय, कवाबी करता येतंय."

मी रडायला लागले.

"रडू नको. माझीबी चूक हाय. डालगं उचलल्यालं बघून मी गप बसलो, तुझं परस म्हणून. माझ्या कोंबड्या हुत्या, कुंपणावरनं वरडायला पायजे हुतं."

गल्लीत पुढं एकही कोंबडी मेली नाही. आक्कांचं परस मात्र पावसाळाभर रिकामं होतं. शमीमभाभींनी पिल्लं देऊ केली. "ती तुमची. माझ्या आईनं दिल्याली न्हवं," आक्का म्हणाल्या. त्या सकाळी पायरीवर बसायच्या, समोर बघायच्या, आणि तिथं काही नसायचं. मी ते रोज बघत होते. बघायला त्यांनीच शिकवलं होतं.

दिवाळी झाल्यावर लेक त्यांना कोडोलीला घेऊन जायला आली. बोचकी रिक्षात चढली, गल्ली दारात आली. गोठेवाल्या काकूही आल्या. माफी त्यांनी मागितली नाही, त्यांना ते येत नव्हतं. पदर सारखा करत म्हणाल्या, "आक्का, आता लस कोण घालणार?"

आक्कांनी माझ्याकडे बोट केलं. "ही."

"हिच्या हातात? हिनंच तर सगळं..."

"म्हणून तर. तुमच्या हातनं ती चूक अजून व्हायची हाय. हिच्या हातनं हून गेलीया."

रिक्षा सुरू झाली. आक्कांनी मागं वळून पाहिलं नाही. काकू माझ्याकडे वळल्या. म्हणाल्या, "रविवारी ये. आमच्या चौदा हायत."