साडूंचा रिपल

माझ्या थोरल्या साडूंच्या हातून आयुष्यात एकही चूक झालेली नाही; झाल्या त्या सगळ्या इतरांच्या समजुतीतल्या. राहतात कर्जतला आणि साजगावच्या एका कारखान्यात ॲडॅप्टर तयार करतात. चहा गार झालाय असं वाटलं, तर आधी थर्मामीटर आणतात, मग तक्रार करतात. माझ्या मुलीला पाहायला आलेल्या मुलाला त्यांनी एकच प्रश्न विचारला, लॅपटॉपचा चार्जर तापतो का. मुलगा बिचारा खरं बोलला. त्यानंतर जेवण होईपर्यंत साडू माझ्याकडे काळजीनं पाहत होते.

त्यांची थोर कामगिरी म्हणजे डुलणारा ॲडॅप्टर. या डब्याच्या पोटात वीज सेकंदाला लाखभर वेळा चालू-बंद होते. ते एकाच गतीनं झालं, तर शेजारचा रेडिओ खरखरतो आणि डबा तपासणीत नापास होतो. साडूंनी ती गती किंचित मागेपुढे डुलवली; गोंगाट पसरून पातळ झाला आणि डबा पास झाला. "एकानं चौकात ओरडण्यापेक्षा गावभर कुजबुज बरी," हे शास्त्र त्यांनी मला खालापूरच्या तहसील कचेरीत, सातबाऱ्याच्या रांगेत, पुढच्यामागच्या चौघांसकट शिकवलं. कारखान्यानं त्यांना शाल दिली. कर्जतच्या मे महिन्यात शाल पांघरणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.

पहिला डबा त्यांनी मोठ्या मनानं बायकोच्या इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याला लावला. माझी ही मेव्हणी घरी गाण्याचा वर्ग घेते. दुसऱ्याच दिवशी ती म्हणाली, मागे एक गुणगुण येतेय, धड पंचम नाही, धड धैवत नाही. साडूंनी मोजायचं यंत्र आणलं. डुलण्यामुळे बाहेरच्या विजेवर एक बारीक लाट उरली होती खरी. तिला ते रिपल म्हणतात. पण ती नियमाच्या आत होती, आणि नियमाच्या आतला आवाज माणसाला ऐकू येत नाही, असा त्यांनी निकाल दिला. भिवपुरीकडून शेती सांभाळून गाणं शिकायला येणाऱ्या यमुनाबाई म्हणाल्या, "सर, आवाज हाय. भुंगा फिरतो ना, तसा. आमाला बी येतो." साडूंनी त्यांना पडद्यावरचा आकडा दाखवला. बाईंनी तो आदरानं पाहिला आणि म्हणाल्या, "हाय पण."

तीन महिने आकडा जिंकत राहिला. मग वर्गातल्या मुली त्या गुणगुणीच्या नादानं पंचम चढा लावू लागल्या, आणि मेव्हणीनं वर्ग बंद करायचं ठरवलं. पोरींचे कान बिघडवून आपण शिकवणार नाही, म्हणाली. साडूंनी पुन्हा यंत्राला हात घातला, तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "ते राहू द्या. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, एकदा बसून ऐका."

ते बसले, अर्थात तिला खोटं पाडायला. अर्ध्या तासानं उठले आणि प्लग काढला. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपल्याच डब्याविरुद्ध साहेबांना अहवाल दिला. त्यात वाक्य एकच होतं: आवाज ऐकू येतो. पास झालेल्या मालाची बदनामी केल्याबद्दल साहेबांनी त्यांना पॅकिंगला बसवलं. घरी मात्र त्यांनी डुलण्याची गती बदलली, लाट अडवायला गाळणी जोडली आणि गुणगुण थांबवली.

आता रोज संध्याकाळी ते मुलींच्या मागे, भिंतीला टेकून बसतात. कशासाठी विचारलं, तर म्हणतात तपासणी. परवा मी गेलो तेव्हा मेव्हणी एकटीच पूरिया गात होती. भिंतीशी बसलेल्या साडूंना मी हळूच विचारलं, अजून येते का ती गुणगुण? त्यांनी हातानं मला गप्प केलं. गाणं संपून ती आत गेल्यावर म्हणाले, "वरच्या षड्जाला हिचा आवाज थोडा थकतो."

मग तानपुरा बंद करत म्हणाले, "पूर्वी थकायचा का रे? तू ऐकलं असशील."