अर्जातले आंधळे आजोबा

बारावीचा निकाल लागल्यावर मी घरी सांगितलं, मला ऑप्टोमेट्री शिकायची आहे. अप्पांनी तो शब्द दोनदा म्हणून पाहिला. तंजावुरात तेव्हा गल्लोगल्ली कंप्युटरचे क्लास निघत होते आणि माझ्या वर्गातल्या सगळ्या मुली तिकडे चालल्या होत्या. डोळे तपासून नंबर काढायचं शिक्षण असतं, असं आईला समजावलं, तर ती म्हणाली, म्हणजे कण्णाडीचं दुकान. चष्म्याला आमच्या घरात कण्णाडीच म्हणत.

मद्रासच्या कॉलेजात जागा थोड्या आणि अर्ज ढीगभर. मार्कांबरोबर इंग्रजीत एक पानभर निबंधही मागितला होता, हाच अभ्यासक्रम का निवडला म्हणून. मी खरं तेच लिहिलं. सुट्टीत महिनाभर मी बाजारातल्या एका चष्म्याच्या दुकानात जाऊन बसत होते. एकदा पापनाशमहून आलेली बाई नवी कण्णाडी लावून दारात उभी राहिली आणि समोरून जाणाऱ्या बसच्या पाट्या मोठ्यानं वाचू लागली. चार वाचल्या. त्यातली एक तिचीच बस होती, ती निघून गेली. तिचा तो चेहरा पाहून मला हे काम आवडलं.

टायपिंग इन्स्टिट्यूटचे मास्तर तो निबंध टाईप करता करता थांबले. यात दुःख कुठे आहे, असं त्यांनी विचारलं. त्यांच्या मते दुःखाशिवाय सीट मिळत नसे. घरात कोणी आंधळं नाही का? अप्पा सरकारी कचेरीत हेडक्लार्क. जन्मात कधी खोटी रजा घेतली नव्हती. त्यांनी जरा विचार केला आणि आजोबांचं नाव सुचवलं.

आजोबा इंग्रजीचे निवृत्त शिक्षक. रस्त्यापलीकडच्या पोस्टरवरची बारीक अक्षरंही वाचत. त्यांना दुखवू नये म्हणून आम्ही नव्या निबंधाचा कागद लपवला, पण तो त्यांना सापडला. लाल पेन घेऊनच ते बाहेर आले.

"मला आंधळा करा, माझी ना नाही," ते म्हणाले. "पण व्याकरण लंगडं नको."

नात रोज वाचून दाखवते, हे वाक्य त्यांनीच वाढवलं.

मुलाखतीला अप्पांना रजा मिळेना, म्हणून सोबत आजोबाच आले. मी त्यांना बाहेरच्या बाकावर बसवून आत गेले. समोरच्या डॉक्टरबाईंनी निबंध वाचून फार मायेनं विचारलं, आजोबा आता कुठे असतात? मी घाबरून खरं बोलले, बाहेर बसलेत. त्यांनी लगेच शिपायाला पाठवलं, हात धरून सावकाश आणा म्हणाल्या. शिपाई मागे राहिला, आजोबा पुढे. आत येताच त्यांनी, तुमच्या नोटीस बोर्डावर स्पेलिंगची एक चूक आहे, असं सांगितलं.

मग मी मास्तरांपासून बसवाल्या बाईपर्यंत सगळं सांगून टाकलं.

"हे का नाही लिहिलंस?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"लिहिलं होतं. त्यात दुःख नव्हतं."

त्या हसल्या नाहीत. आजोबा आलेच आहेत तर तपासू या म्हणाल्या. आजोबांनी तक्त्याची शेवटची ओळ घडाघडा वाचली आणि खालचं छापखान्याचं नावही वाचलं. मग बाईंनी त्यांचा डावा डोळा झाकला. आजोबांनी विचारलं, दिवे गेले का? उजव्या डोळ्यात पिकलेला मोतीबिंदू होता.

"हा डोळा मी एकटा कधी वापरलाच नव्हता," ते म्हणाले.

पहिल्या यादीत माझं नाव नव्हतं. तिसऱ्या आठवड्यात एक मुलगी इंजिनियरिंगला गेली आणि तिची जागा मला मिळाली. तोवर आजोबांचं ऑपरेशनही झालं. अप्पांनी मास्तरांना सीट मिळाल्याचं सांगितलं, कशी मिळाली ते सांगितलं नाही. त्यामुळे पुढच्या वर्षी मास्तरांनी आणखी दोघांच्या आजोबांना आंधळं केलं, असं कानावर आलं.